पावसाळ्यात दुपंखी विमानाच्या तारा सैल पडतात : १:३२ टायगर मॉथच्या रिगिंगची दुरुस्ती

जूनमध्ये दोन-तीन मोठे पाऊस झाले की माझ्या टायगर मॉथच्या, म्हणजे एकावर एक पंख असलेल्या विमानाच्या १:३२ प्लास्टिक मॉडेलच्या, दोऱ्याच्या तारा लोंबायला लागायच्या. एखाददुसरी नव्हे, सगळ्याच. मार्च-एप्रिलमध्ये सतारीसारख्या ताठ असलेल्या तारा जुलैत वाळत घातलेल्या दोरीसारख्या दिसायच्या. मी बायकोचा हेअर ड्रायर घेऊन लांबून गरम हवा मारायचो, तारा डोळ्यांदेखत ताणल्या जायच्या, मी समाधानानं काचेचं कपाट बंद करायचो आणि आठवडाभरात झोळ परत. सलग दोन पावसाळे हेच चाललं होतं. दुसऱ्या वर्षी तर मी निम्म्या तारा कापून त्याच दोऱ्यानं नव्यानं बसवल्या. त्याही पुढच्या पावसात सैल पडल्या.

हे सविस्तर लिहितोय, कारण मोठ्या आकाराचं दुपंखी मॉडेल करणाऱ्या आमच्या भागातल्या बहुतेकांची तक्रार हीच असते. बहुतेकजण दोष आपल्या हाताला नाहीतर सुपरग्लूला देतात. मीही दिला होता.

आधी विमानाबद्दल थोडं. डी हॅविलंड टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं २६ ऑक्टोबर १९३१ला. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे बेगमपेठ आणि जोधपूरच्या प्रशिक्षण शाळांमध्ये नवे वैमानिक याच विमानावर हात बसवायचे. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ८.९४ मीटर, म्हणजे १:३२ला २८ सेंटिमीटरच्या आसपास. एवढ्या आकारात रिगिंग, म्हणजे पंखांना धरणाऱ्या तारांची रचना, हा नुसता दिखाऊ तपशील राहत नाही, माणसाची नजर पहिल्यांदा तारांवरच जाते. १:७२च्या छोट्या मॉडेलमध्ये किंचित झोळ खपून जातो. इथं खपत नाही.

खऱ्या विमानात तारेच्या दोन्ही टोकांना आटे असतात, एका टोकाला उजवे, दुसऱ्याला डावे. तार फिरवली की दोन्हीकडून एकदम घट्ट किंवा सैल होते, मग नट आवळून टाकायचा. मेकॅनिकला हे पुन्हा पुन्हा करता येतं. आपल्याला येत नाही. एकदा ग्लू लावला की विषय संपला. म्हणून ताण का बदलतो हे तार लावण्याच्या आधीच कळलेलं बरं.

मला ते कळलं मिरजेत. मुलगी गाणं शिकते, तिच्या तंबोऱ्याची जवारी बिघडली होती म्हणून तंतुवाद्यांच्या गल्लीत गेलो होतो. ज्या चाचांकडे तंबोरा दिला ते पाय दुमडून बसले होते, मांडीवर तंबोऱ्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी), हातात बारीक कानस. बोलता बोलता मी मोबाइलवर विमानाचे फोटो दाखवले, एक एप्रिलचा, एक जुलैचा. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो बोटांनी मोठा केला आणि विचारलं, "साहेब, यात हलतंय काय? तार का सांगाडा?"

मला प्रश्नच नीट समजला नाही.

"आमचा तंबोरा पावसात उतरतो ना," ते म्हणाले, "तवा आम्ही तारेला बोल लावत नाही. तार पोलादाची, तिला पाण्याचं काय? लाकूड हलतं, भोपळा हलतो. तुमचं विमान कशाचं?"

"प्लास्टिकचं."

"आणि तार?"

पाकिटात त्या दोऱ्याचा तुकडा होता. कृष्णेवर गळ टाकणारे वापरतात तो तंगुसाचा दोरा, अगदी बारीक जातीचा. चाचांनी तो दोन बोटांत धरून नखानं ओढून पाहिला. "नायलॉन. मग आमच्या उलटं आहे तुमचं. तुमचा सांगाडा कोरडा, दोराच पाणी पितोय."

घरी येऊन मी त्याच दोऱ्याचा एक मीटरचा तुकडा भिंतीवरच्या खिळ्याला टांगला, खाली एक नट बांधला आणि नटाच्या बुडाशी कागदावर बारीक पेन्सिलनं रेघ मारली. मग दोऱ्याला वरपासून खालपर्यंत ओलं फडकं गुंडाळून ठेवलं. सकाळी फडकं काढलं तर नट रेघेच्या खाली गेला होता. डोळ्याला स्पष्ट दिसावं इतका. पंख्याखाली वाळू दिल्यावर परत वर चढला. दोन वर्षं जे कोडं होतं ते एका रात्रीत समोर टांगलेलं दिसलं. ड्रायरचंही उत्तर त्यातच होतं. गरम हवेनं मी तार ताणत नव्हतो, तिच्यातलं पाणी हाकलत होतो, आणि सांगलीची जुलैची हवा ते पाणी आठवड्यात परत भरून देत होती.

पूर्ण भिजलेलं नायलॉन वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मॉडेलचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ते जवळजवळ काहीच धरत नाही. पाणी शिरलं की नायलॉन फुगतं आणि थोडं लांबतंही.

इथं कोणीही विचारेल, थोडंसं लांबून एवढा झोळ कसा? हे गणित मी कागदावर मांडलं तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं. दोन्ही टोकं पक्की असलेली १० सेंटिमीटरची तार घ्या. ती फक्त ०.१ मिलिमीटर लांबली, म्हणजे हजारात एक, तरी मधला झोळ येतो जवळजवळ २ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर लांबली तर ४ मिलिमीटरहून जास्त. एक मिलिमीटर लांबली तर ६. लांबीतला फरक चौपट झाला की झोळ दुप्पट होतो, म्हणून सुरुवातीच्या अगदी किरकोळ फरकालाच सगळ्यात मोठी किंमत मोजावी लागते. प्रत्यक्षात दोऱ्याच्या ताठपणामुळे थोडा कमी दिसेल, पण हिशेब हाच.

आता महत्त्वाचं. सैल तार दिसली की लगेच ताणायला घेऊ नका. चाचांचा प्रश्न आधी विचारा : तार हलली की सांगाडा हलला? की तार जिथं धरली आहे ती जागा सुटली? तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे आणि चुकीची केली तर पंखच वाकतो.

सगळ्या तारा एकदम सैल आणि त्याही पावसाळ्यात, तर दोरा नायलॉनचा आहे. खात्री हवी असेल तर मॉडेल झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन दिवस ठेवा. ताणल्या गेल्या तर निदान पक्कं. यावर दोरा बदलण्याशिवाय दुसरा इलाज नाही. वार्निश मारून पाणी अडवता येईल असं मला वाटलं होतं, म्हणून चार तारांवर दोन-दोन हात दिले. त्या बाकीच्यांपेक्षा आठवडाभर उशिरा सैल पडल्या, एवढाच फायदा.

काही तारा सैल आणि काही नेहमीपेक्षा जास्त ताठ, हे दिसलं तर दोऱ्याला सोडा आणि सांगाड्याकडे बघा. कोणत्या तारा सैल आहेत यावरून काय सरकलं ते नेमकं कळतं. फ्लाइंग वायर धडाच्या बुडापासून तिरपी वर-बाहेर जाते, उडताना वर उचलल्या जाणाऱ्या पंखाला धरून ठेवते. लँडिंग वायर उलटी, वरच्या पंखाच्या मध्यापासून तिरपी खाली-बाहेर येते आणि जमिनीवर पंखाचं वजन तोलते. पंखांची टोकं खाली आली तर फ्लाइंग वायर सैल पडतात आणि लँडिंग वायर ताणतात. वरच्या पंखाचा मधला भाग धडावर बसला तर दोन्ही बाजूंच्या लँडिंग वायर सैल, फ्लाइंग जशाच्या तशा. डावीकडची लँडिंग ताठ आणि उजवीकडची सैल असेल, तर मधला भाग एका अंगाला कलला आहे. एवढं डोक्यात ठेवलं तर पट्टी हातात न घेता अर्धं निदान होतं.

उरलेल्या अर्ध्यासाठी पुठ्ठ्याचं मापटं करा. दोन पंखांमधलं अंतर बाहेरच्या स्ट्रटपाशी (दोन पंखांना जोडणाऱ्या उभ्या दांडीपाशी) मोजायचं आणि तेवढ्या उंचीचा जाड पुठ्ठा कापून दोन्ही बाजूंना घालून बघायचा. धडाजवळचं अंतर आणि स्ट्रटजवळचं अंतर सारखं आलं पाहिजे असं समजू नका. टायगर मॉथमध्ये ते सारखं नसतंच. पुढच्या कॉकपिटमधल्या माणसाला पॅराशूट घेऊन बाहेर पडता यावं म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला, मग तोल सांभाळायला पंख मागे झुकवले, मागे झुकवल्यावर खालच्या पंखांची टोकं जमिनीच्या जवळ आली म्हणून ती आणखी वर उचलली. त्यामुळे टोकाकडे जाताना दोन पंख जवळ येतात. हे ठाऊक नसल्यामुळे वरचा पंख "सरळ" करायला तारा ओढणारे मी पाहिले आहेत. पंख बरोबर होता, तारांनी तो बिघडवला.

सांगाडा हलण्याचं नेहमीचं कारण म्हणजे स्ट्रटच्या खाचेत राहिलेला रंग. पॉलिस्टायरीनचा सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतो, रंगावर लावला तर रंगालाच चिकटतो. सांधा महिनाभर टिकतो आणि तारांच्या सततच्या ओढीनं हळूहळू सरकतो. खाच आणि स्ट्रटचं टोक दोन्ही खरवडून कोरं प्लास्टिक दिसेपर्यंत साफ करा, मगच जोडा. दुसरं कारण ऊन. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेच्या दुपारी कपाटात काय तापमान होत असेल याची कल्पना आपल्याला आहे. पॉलिस्टायरीन मऊ पडायला १०० अंशांच्या आसपास तापमान लागतं म्हणून निर्धास्त राहू नका. कायम ताणाखाली असलेलं पातळ प्लास्टिक त्याच्या कितीतरी आधी, दिसणार नाही अशा वेगानं वाकत राहतं. मॉडेल गाडीतून नेत असाल तर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते ठेवू नका, दहा मिनिटंसुद्धा.

एकच तार सैल असेल तर ती मुळातून सुटली आहे. भिंग घेऊन भोकाकडे बघा. भोवती पांढरी कडी दिसली किंवा ग्लूचा थेंब हलला तर खात्री. सुपरग्लू कडक पण ठिसूळ असतो, उथळ भोकात तो धरून राहत नाही. भोक किमान दीड मिलिमीटर खोल हवं आणि ते वरचा पंख बसवण्याआधी पाडलेलं हवं. नंतर पिन व्हाइस (बोटांनी फिरवायचं छोटं ड्रिल) आत सरळ जातच नाही. पावसाळ्यात सुपरग्लू झटकन धरतो आणि भोवती पांढरी धुरकट झाक सोडतो. ती हवेतल्या ओलाव्यामुळे. म्हणून रिगिंगचं काम मी आता दिवाळीनंतरच काढतो.

एक धोक्याची सूचना. जुना सुपरग्लू काढायला डिबाँडर (सुपरग्लू सोडवणारं द्रव) किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यात बहुतेक वेळा ॲसिटोन असतं आणि ॲसिटोन पॉलिस्टायरीन खातं. जुना दोरा नव्या पात्यानं मुळाशी सपाट कापा आणि त्याच जागी ०.४ मिलिमीटरच्या ड्रिलनं नवं भोक पाडा. पंख काढावा लागत नाही.

मग नायलॉनच्या जागी काय लावायचं? लांब तारांसाठी मी आता मिरजेचीच तार वापरतो. सतारीच्या पडद्यांखाली ज्या तरफेच्या तारा असतात त्या पोलादी, साधारण ०.२३ मिलिमीटर जाडीच्या. ३२नं गुणलं तर ७.४ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे खऱ्या विमानाच्या तारेच्या रुंदीला शोभेल इतकी. पाणी पीत नाही, ताणावी लागत नाही, नुसती बसवायची.

तिच्या सवयी मात्र जाणून घ्या. ती गुंडाळीत येते, म्हणून वाक असतो. छोट्या वेटोळ्यातली घेऊ नका, मोठ्या रिळावरची मागा, तिचा वाक १० सेंटिमीटरच्या तुकड्यात नगण्य असतो. तरी उरलाच तर एक टोक पकडीत, दुसरं हातड्रिलच्या जबड्यात धरून ताणलेल्या अवस्थेत सावकाश पीळ द्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, तार सुटली तर सुईसारखी येते. प्लास्टिक कापायच्या निप्परनं ती कापू नका, पात्याला दात पडतील. साधी लोखंडी पक्कड पुरते. पोलाद गंजतं, म्हणून बसवण्याआधी पातळ वार्निशचा एक हात द्या.

मोजमाप कंपासपेटीतल्या डिव्हायडरनं घ्या. दोन भोकांच्या तोंडांमधलं अंतर घ्यायचं आणि त्यात अडीच मिलिमीटर मिळवायचे. दीड एका भोकात जातील, एक दुसऱ्यात. तार मधोमध किंचित वाकवून आधी खोल भोकात सारायची, मग दुसरं टोक समोरच्या भोकात सोडायचं. ती आपोआप सरळ होते. हा क्षण मला अजूनही आवडतो, टकदिशी बसते ती.

आणि ग्लू फक्त एकाच टोकाला.

हे विसरलात तर पावसाळ्यातला त्रास थंडीत येईल. प्लास्टिक उष्णतेनं पोलादापेक्षा जवळजवळ सहापट प्रसरण पावतं. मेच्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे यांत २५ अंशांचा फरक धरला तर १० सेंटिमीटरमागे प्लास्टिक पोलादापेक्षा ०.१४ मिलिमीटर जास्त आखडतं. दोन्ही टोकं पक्की असतील तर तार बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखी वाकेल, आणि वरचा हिशेब लावला तर तो वाक २ मिलिमीटरच्या पुढे जातो. एक टोक भोकात मोकळं असलं की तार तेवढी आत-बाहेर सरकते आणि कोणाला कळतही नाही. टोकाला फिटिंग दाखवायचं असेल तर मेडिकलमधून २६ नंबरची कोरी सुई आणा. तिचं आतलं छिद्र ०.२६ मिलिमीटरचं, त्यात ही तार नेमकी जाते. दीड मिलिमीटरचे तुकडे कटिंग डिस्कनं कापले की तारेच्या मुळाशी असलेला आट्यांचा भाग हुबेहूब दिसतो.

मधल्या स्ट्रटांमधल्या फुल्यांच्या तारा आखूड असतात, तिथं पोलाद वाकवायला जागा मिळत नाही. तिथं रबरी धाग्यासारखा ताणणारा लायक्राचा दोरा उत्तम. तो स्वतःच झोळ खातो. मोह होतो तो खूप ताणण्याचा, पण लांबीच्या दहावा हिस्सा ताणला की पुरे. जास्त ओढला तर तोच सांगाडा ओढायला लागतो आणि शेजारची तार सैल पडल्यासारखी दिसते. ती सैल पडलेली नसते, तिच्या दोन टोकांमधलं अंतर कमी झालेलं असतं. एक तार ताणली की दुसरी सुटते आणि दुसरी ताणली की तिसरी, अशी ज्यांची तक्रार असते त्यांच्याकडे नव्वद टक्के वेळा हेच घडत असतं. सगळ्या कापा, मधल्या फुलीपासून पुन्हा सुरुवात करा, एक डावी एक उजवी अशा जोडीनं बाहेर जा आणि प्रत्येक जोडीनंतर पुठ्ठ्याचं मापटं घालून बघा.

ज्यांना ना तार मिळते ना लायक्रा, त्यांनी पॉलिएस्टरचा शिवणदोरा घ्यायला हरकत नाही. तो पाणी पीत नाही, पण त्याला लव असते आणि १:३२मध्ये ती दिसते. मेणबत्तीच्या मेणातून दोनदा ओढून, बोटांनी पुसून घेतला तर बरीच बसते.

माझ्या विमानावर आता लांब तारा सगळ्या पोलादी आहेत आणि त्यांनी एक पूर्ण पावसाळा काढला. मेच्या अखेरीस घेतलेला फोटो आणि कृष्णेला पाणी चढलं होतं त्या दिवसांत घेतलेला फोटो मी शेजारी ठेवून बघितला, लांब तारांमध्ये फरक सापडला नाही. फक्त शेपटीकडे जाणाऱ्या कंट्रोल केबल अजून जुन्या तंगुसाच्या आहेत. त्या धडाच्या बाहेरून जातात, धूळ झटकताना ब्रश लागतो, म्हणून तिथं पोलाद घालायचं नाही, लायक्राच घालायचा. दोरा आणून ठेवला आहे. हवा कोरडी झाली की बसवतो.